‘ग्रुबर’ आडनावाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘ग्रुबर’ या ऑस्ट्रियन आडनावावरच्या माझ्या लेखाखाली आपण लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. खाली नाव नाही, म्हणून नावानं हाक मारता येत नाही. ‘इंटरनेटवरून उचलून लेख पाडलाय’ आणि ‘मराठी बाईला ऑस्ट्रियाच्या आडनावांत नाक खुपसायची गरज काय’ ही त्यातली दोन वाक्यं. माहिती चुकली असेल तर दाखवा, मी दुरुस्ती करीन. पण मी काय वाचलं, कुठे वाचलं हे ठाऊक नसताना ‘उचललं’ म्हणणं हा सरळसरळ आरोप आहे. त्याला पुरावा लागतो, तो आपण दिलेला नाही. आणि बाईनं कशावर लिहावं हे ठरवायला मी कुणाला बोलावलेलं नाही.

एक मुद्दा मान्य. १७३१ साली, म्हणजे तिथून प्रोटेस्टंटांची हकालपट्टी झाली तेव्हा, साल्झबर्ग ऑस्ट्रियात नव्हतं. तिथे कॅथलिक आर्चबिशपचं स्वतंत्र राज्य होतं आणि ते कायमचं ऑस्ट्रियाकडे आलं १८१६ मध्ये. लेखात याला एक ओळ द्यायला हवी होती.

आता आपलं मुख्य वाक्य. ‘जगातले सगळे ग्रुबर साल्झबर्गहून हाकललेल्या एकाच घराण्याचे आहेत, अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या माझ्या सहकाऱ्याच्या भिंतीवर त्यांचं कुलचिन्ह आहे.’ हे मला सोडून देता येत नाही, कारण अख्खा लेख मी हाच समज खोडण्यासाठी लिहिला होता.

साल्झबर्गची हकालपट्टी खरी आहे आणि ती भयंकर होती. आर्चबिशप फिर्मियाननं ३१ ऑक्टोबर १७३१ च्या फर्मानानं प्रोटेस्टंटांना राज्याबाहेर काढलं. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्या गडीमाणसांना आणि मोलकरणींना आठ दिवसांची मुदत, तीही ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. जमीनवाल्यांना फार तर तीन महिने. सुमारे वीस हजार माणसं गेली. त्यातली बहुसंख्य गेली पूर्व प्रशियात, कारण तिथली गावं १७०९ ते ११ च्या प्लेगनं ओस पडली होती आणि प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला यानं फेब्रुवारी १७३२ मध्ये त्यांना जाहीर बोलावणं धाडलं. जॉर्जियात गेली ती फक्त काहीशे माणसं. १७३४ मध्ये सव्हाना शहराजवळ त्यांनी एबनेझर हे गाव वसवलं. तुमच्या सहकाऱ्याचे पूर्वज त्यांच्यात असतीलही. त्याबद्दल मला आदरच आहे.

पण त्यावरून सगळे ग्रुबर त्यांचे भाऊबंद कसे होतात? ग्रुबर म्हणजे खोलगट जागी राहणारा. आल्प्समध्ये अशा जागा खोऱ्याखोऱ्यात आहेत. स्टायरिया, टायरॉल, अपर ऑस्ट्रिया, शेजारचं बव्हेरिया, जिथे खळगा तिथे शेतघर आणि जिथे शेतघर तिथे ग्रुबर. आज ते ऑस्ट्रियातलं सर्वाधिक आढळणारं आडनाव आहे. ‘सायलेंट नाइट’ या नाताळच्या जगप्रसिद्ध गीताला १८१८ मध्ये चाल लावणारा फ्रान्त्स झावर ग्रुबरही ग्रुबरच. पण तो हॉखबुर्गच्या गरीब कॅथलिक विणकराचा मुलगा. ते गाव १७७९ पर्यंत बव्हेरियात होतं. फिर्मियानच्या फर्मानाशी या घराचा काय संबंध?

शिवाय पूर्वी तिथे नाव माणसापेक्षा शेताला जास्त चिकटलेलं असे. घरजावई झालेला किंवा शेत विकत घेतलेला माणूस त्या शेताच्या नावानं ओळखला जाई, आणि जुन्या नोंदवह्यांत कधी कधी त्याचं आडनावही बदललेलं दिसतं. म्हणजे नाव तेच आणि रक्त वेगळं, किंवा रक्त एक आणि नावं दोन.

हे मी पुस्तकातूनच सांगत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात मी शिकले, पुढे नोकरीही केली. माझी घरमालकीण माहेरची ग्रुबर, स्टायरियातल्या डोंगरी गावची. एक नोव्हेंबरला ती मला तिच्या गावच्या कबरस्तानात घेऊन गेली. ओळीनं तीन दगडांवर मोठ्या अक्षरांत ग्रुबर, आणि खाली बारीक अक्षरांत ‘व्हुल्गो’ (म्हणजे ‘लोकांच्या तोंडी’) लिहून पुढे शेताचं नाव. तिन्ही शेतं वेगळी. तिनं मधल्या दगडावर हात ठेवून सांगितलं, ‘हे आमचे. बाकीच्या दोघांशी आमचं नातं नाही.’ गावात तिला आजही सगळे शेताच्याच नावानं हाक मारतात. अहो, जिथं एका कबरस्तानातले ग्रुबर एका रक्ताचे नाहीत, तिथं तुम्ही जगभरच्या ग्रुबरांना एका मूळ पुरुषाच्या पोटी घालताय!

आणि कुलचिन्ह. ते आडनावाला मिळत नसतं. ते एका विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळे. आडनाव टाईप केलं की रंगीत ढाल छापून देणारी दुकानं इंटरनेटवर ढीगभर आहेत. इंटरनेटवरून उचलल्याचा आरोप माझ्यावर, आणि पुरावा म्हणून ती ढाल?

लेखाची लांबी, फोटो नसणं, ‘भावनिक सूर’ यांवर मी वेळ घालवणार नाही. वीस हजार माणसं घराबाहेर काढली गेली, त्याबद्दल सूर भावनिक असला तर असू दे.

तुमच्या सहकाऱ्याला खरंच मूळ शोधायचं असेल तर त्यांना आधी पूर्वजांचं पॅरिश, म्हणजे ते ज्या चर्चच्या हद्दीत राहत ते ठिकाण, विचारा, आडनाव नंतर. पॅरिश कळलं की ऑस्ट्रियातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूच्या नोंदवह्या ‘मॅट्रिकुला’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. जुनी जर्मन लिपी वाचायला अडचण आली तर पानाची लिंक इथेच खाली टाका, मी वाचून देईन. फक्त या वेळी नाव लिहून टाका.