पाइपाला ‘वर’ कुठं असतं?

चौकोनी नळीला चार बाजू असतात, फळीला पाठ-पोट असतं. गोल पाइपाला यातलं काहीही नसतं. खाली ठेवला की तो गडगडत पलंगाखाली जातो, आणि ओढून बाहेर काढला की मघाशी कोणती बाजू वर होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. अशा पाइपाला एका रेषेत, तीही आरपार, भोकं पाडायची म्हणजे आधी त्याला ‘वर’ ठरवून द्यावं लागतं. हा उद्योग मी परभणीत, ऐन भाद्रपदात, महालक्ष्म्या तोंडावर आल्या असताना अंगावर घेतला.

पुण्या-मुंबईच्या गौरी त्या आमच्या महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात. नक्षत्र कुणासाठी थांबत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगतात: करंज्या, साटोऱ्या, शिवाय तळलेली वेणी, फणी, आरसा. जुनं लाकडी मखर वाळवीनं नेलं, म्हणून नव्याची आडवी दांडी पाइपाची करायचं ठरलं. दर पंधरा सेंटिमीटरला एक आरपार भोक, त्यात सहा एमएमचा हूक, हुकाला फुलोरा. दोन्ही टोकं खांबांना बोल्टनं जोडायची, म्हणजे विसर्जनानंतर सगळं सुटं करून माळ्यावर टाकता येईल. कागदावर हे फार देखणं दिसत होतं.

गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्यानं चित्र पाहिलं आणि एकच वाक्य बोलला, “चौकोनी घ्या ना सर.” पण पाइप घरात होता. नळाची जुनी लाइन काढून प्लॅस्टिकची टाकली तेव्हापासून एक इंची जीआय पाइप गच्चीवर पडून होता, आणि घरात पडून असलेली वस्तू वापरणं हा आमच्या घराण्याचा कुळाचार आहे. बरं, मग वेल्डिंग करून द्या म्हटलं, तर मान हलवली. जीआयवर जस्ताचा थर असतो, त्याचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. गणपतीच्या सीझनमध्ये त्याला आजारी पडायला सवड नव्हती.

या एक इंची पाइपात एक इंच कुठंच सापडत नाही. बाहेरून मोजा, ३३.७ मिलिमीटर भरतो. आतून मोजा, साधारण २७. इंच २५.४ चा. मी शाळेत गणित शिकवतो. वर्षानुवर्षं पोरांना परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास हे घोकायला लावलं, आणि ते सूत्र कुठंतरी खरोखर उपयोगी पडतं हे मला स्वतःला त्या दिवशी कळलं.

“जगात जर्मनी, भारतात परभणी” असं आम्ही छाती पुढं काढून म्हणतो. हातात ड्रिल मशीन घेऊन गोल पाइपासमोर उभं राहिलं की या दोन ठिकाणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजता येतं. ड्रिल बिटाच्या, म्हणजे मशीनला लावतात त्या भोक पाडणाऱ्या सळईच्या, अगदी टोकाला धार नसतेच. धार दोन्ही कडांना असते. मधोमध असते ती एक बोथट आडवी रेघ. ती लोखंड कापत नाही, नुसती रेटते. सपाट पत्र्यावर ती निदान आसपास घुटमळते. गोलावर तिला दोन्हीकडून उतार मिळतो, आणि मग काळ्या मातीच्या पाऊलवाटेवर पावसात चपला घालून उतरलेल्या पुण्याच्या पाहुण्यासारखं ते टोक बाजूला जातं. पाइपावर एक चकचकीत ओरखडा उमटतो. भोक नाही.

म्हणून आधी सेंटर पंच, म्हणजे टोकदार पोलादी सळई. पंच टेकवायचा, हातोडीचा एक नेमका ठोका, खळगा पडला की टोक त्यात बसतं. आता हा खळगा रेषेवर हवा. रेषा कुठं आहे? नाही. तीच तर काढायची आहे. इथं कामी आला शेवाळ धरलेल्या कूलरच्या स्टँडचा तुटका अँगल, म्हणजे काटकोनात दुमडलेली लोखंडी पट्टी. अँगल पाइपावर पालथा घातला की त्याचे दोन्ही पाय पाइपाला चिकटून बसतात आणि त्याची कड पाइपाच्या लांबीला बरोबर समांतर राहते. तिला लागून खिळ्यानं ओरखडा ओढला की झाली रेषा. पाइपाला जन्मात पहिल्यांदा ‘वर’ मिळालं. मी कौतुकानं बघत उभा राहिलो, तेवढ्यात पाइप गडगडला. पण आता गेला कुठं तरी सापडणार होता.

खालच्या बाजूची रेषा काढायची तर कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळायची, टोकं जिथं भेटतील तिथं कापायची, ती १०६ मिलिमीटरला किंचित कमी भरते. मग मधोमध घडी घालून पुन्हा गुंडाळायची. घडीची जागा म्हणजे बरोबर समोरची बाजू. गणिताच्या मास्तरला यापेक्षा सुंदर दृश्य नाही. कागद म्हणून हाताशी कॅलेंडर होतं. मी पान उलटलं आणि माजघरातून आवाज आला.

“आरं, काय करायलास? त्ये भादव्याचं पान हाय! आवाहनाची वेळ त्याच्यातच हाय की!”

“आई, मागची बाजू कोरीये.”

“मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब हाय.”

शेवटी सहामाहीची एक कोरी उत्तरपत्रिका कामी आली. शिक्षण खात्याचं असं योगदान या मखरात आहे.

यानंतर प्रेक्षक जमले. लोखंडाच्या आवाजानं जसे जमतात तसे लोक गाण्याच्या आवाजानंही जमत नाहीत. प्रत्येक जण पाइपाच्या टोकाशी उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, “जरासं डावीकडं आलंय.” पुढचा यायचा, दुसरा डोळा मिटायचा: “उजवीकडं.” खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर असायचं, कारण मधल्या वेळात कुणीतरी पाइपावर हात टेकवून उठलेलं असायचं.

खरी मेख पलीकडच्या भोकात असते. वरून भोक पाडलं, तसंच दाबत खाली गेलं, की आरपार होईल असं कुणालाही वाटतं. पण हातातलं मशीन पाच अंश कललं, आणि हाताला पाच अंश कळतसुद्धा नाहीत, तर ३३.७ मिलिमीटर ओलांडून खालचं भोक जवळपास ३ मिलिमीटर सरकलेलं असतं. हूक मग तिरका लोंबतो. एका हुकाचं काही नाही. पण ओळीनं सगळे वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून लोंबले तर फुलोरा भावकीच्या फोटोसारखा दिसतो. म्हणून वरचं भोक वरून, खालचं खालून, दोन्ही बाजूंना पंच, आधी तीन एमएमचं बिट, मग साडेसहाचं. करडईच्या तेलाचे थेंब टाकत राहायचं, बिट तापत नाही. तेलाची वाटी मी स्वयंपाकघरातून आणली होती. फुलोरा तळायला काढलेलं तेल ते. या विषयावर घरात जे बोलणं झालं ते इथं गाळतो.

मधे एकदा लाइट गेली. ती यायची वाट बघत पाइपाकडं पाहत बसणं, हा वेळ मी आयुष्यातल्या सर्वांत शांत वेळांत धरतो.

लाइट आली, पण मनगट ‘हो’ म्हणेना. मग पाइप घेऊन एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपात गेलो. तिथं उभं पिलर ड्रिल होतं आणि पाइप ठेवायला खाच असलेला व्ही-ब्लॉक. ऑपरेटर पोरगं विशीतलं, कानात इअरफोन. माझी रेषा, पट्टी, घडी वगैरे त्यानं ऐकून घेतली नाही. खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली, पाइपावर आडवी ठेवली आणि बिटाचं टोक हळूच तिच्यावर टेकवलं. पट्टी एका बाजूला कलली. पाइपासकट ब्लॉक केसभर सरकवला, पुन्हा टेकवलं. पट्टी आडवी, अगदी सपाट थांबली. टोक माथ्यावर असलं तरच पट्टी सपाट राहते, जरा बाजूला असलं की उताराच्या अंगाला झुकते. ना मोजमाप, ना पाय गुणिले व्यास. पहिलं भोक पडल्यावर त्यानं त्यात एक लांब सळई खोवली आणि ती ओळंब्याशी जुळवून उभी धरली. पुढच्या प्रत्येक भोकाला सळई उभी आहे एवढंच बघत गेला. पाइपाला ‘वर’ कुठं असतं याचं उत्तर त्या सळईनं डोकं वर करून दिलं होतं. पोरानं शेवटी गोल कानस घेऊन भोकांच्या कडा साफ केल्या आणि पहिल्यांदाच इअरफोन काढून विचारलं, “सर, चौकोनी का नाही घेतला?”

आवाहनाला दांडी चढली. हूक ओळीनं, सगळ्यांची तोंडं एकीकडं. आईनं फणी आणि आरसा स्वतःच्या हातानं अडकवले, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि म्हणाली, “बरं दिसायलंय.” आमच्याकडं याच्या पुढची पदवी नाही.

पूजनाच्या जेवणाला मेव्हणा आला. तो वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. असे लोक देवापुढं हात जोडतात तेव्हाही जोडलेल्या हातांतली फट बघतात. सोळा भाज्या ताटात पडल्या, आंबील आली, तरी याची नजर दांडीवर.

“दाजी, टॉलरन्स किती धरला होता? म्हणजे फरक किती चालणार होता?”

“महालक्ष्म्यांनी काही तक्रार केली नाही.”

“अलाइनमेंट चांगलीये. पण भोकांच्या कडांचं जस्त गेलंय, तिथं गंज धरणार. पुढच्या वर्षी स्टेनलेसचा पाइप घ्या.”

स्टेनलेसवर बिट नुसतं घासलं गेलं तरी ती जागा आणखी कडक होते. मग ना पुढं जाता येतं, ना जागा सोडता येते. हे मला वर्कशॉपातल्या पोरानं न विचारता सांगून ठेवलं होतं. मी बायकोला म्हटलं, “याला अजून एक पुरणपोळी वाढ. आणि तुपाची वाटी समोरच ठेव, तोंड रिकामं राहता कामा नये.”