कॉर्डेट, रेनिफॉर्म आणि कच्चा राजमा: एका फॉरवर्डला उत्तर

मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा असा: ‘इंग्रज शास्त्रज्ञांनीही मान्य केलं! निसर्गाने पानावरच औषध लिहून ठेवलंय.’ खाली पाच मुद्दे आहेत. कॉर्डेट म्हणजे हृदयाच्या आकाराचं पान, म्हणून गुळवेल हृदयाला चांगली. रेनिफॉर्म म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराचं, म्हणून किडनीसाठी रात्री भिजवलेले राजम्याचे दाणे सकाळी कच्चे चावून खा. ओव्हेट म्हणजे ओव्हरी, म्हणून ती पानं बायकांच्या तक्रारींवर. लॅन्सिओलेट म्हणजे भाल्यासारखं, ती पानं शरीरातल्या गाठी फोडतात. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला. आणि शेवटी, हे सगळं आयुर्वेदात हजारो वर्षांपासून आहे, इंग्रजांनी नुसती नावं दिली.

माझ्या मावशीला हा मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. तिचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत, आणि तिने राजमा भिजत घातला होता. म्हणून दुसरा मुद्दा आधी.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं, लाल राजम्यात तर भरपूर. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि पाठोपाठ जुलाब सुरू होऊ शकतात. नुसतं भिजवून हे विष जात नाही, ते मोडतं ते उकळल्यावर. राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, नवं पाणी घालून खळखळा उकळायचा. दहा मिनिटं पूर्ण उकळी हा किमान हिशेब. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खबरदारी म्हणून अर्धा तास सांगतं. आपल्याकडे राजमा कुकरला लागतो, आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून सहसा कुणाला काही होत नाही. परदेशात स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) वापरणाऱ्यांनी मात्र लक्ष द्यावं. ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही पाचपटीपर्यंत जास्त विषारी ठरू शकतो. दाणा मऊ झाला म्हणजे शिजला असं इथे चालत नाही. स्लो कुकरमध्ये राजमा आधी दहा मिनिटं वेगळ्या पातेल्यात उकळूनच टाकायचा.

धडधाकट माणूस या उलट्यांतून काही तासांत सावरतो. ज्याची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्याचं तसं नसतं. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी घटतं, मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी होतं आणि उरलीसुरली क्षमता झटक्यात खाली येऊ शकते. शिवाय पोटॅशियमचा प्रश्न आहेच. शिजवलेल्या राजम्यातही १०० ग्रॅमला साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ज्यांच्या रक्तात ते साठतं त्यांना डॉक्टर अशा कडधान्यांचं प्रमाण ठरवून देतात, काहींना बंदच करतात. म्हणजे ‘किडनीसाठी’ म्हणून मेसेजने सुचवलेला उपाय नेमका किडनीच्या रुग्णालाच सगळ्यात जास्त बाधणारा आहे. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्याने एवढा एक परिच्छेद तरी वाचावा.

आता आकाराबद्दल. उत्तर अमेरिकेतल्या जंगलात असारम कॅनडेन्स नावाचं बुटकं रोपटं वाढतं, तिकडे त्याला ‘वाइल्ड जिंजर’ म्हणतात. आपल्या आल्याशी त्याचं नातं नाही. त्याचं पान रेनिफॉर्मचा नमुना म्हणून दाखवावं इतकं मूत्रपिंडासारखं असतं. या रोपट्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं, आणि हे आम्ल माणसाची मूत्रपिंडं कायमची निकामी करू शकतं.

ते कसं, हे ब्रुसेल्समध्ये कळलं. तिथल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. त्यात स्टेफानिया टेट्रान्ड्राची भुकटी असायला हवी होती. चिनी नावांतल्या सारखेपणामुळे तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची आली. पन्नाशीच्या आतल्या बायकांची मूत्रपिंडं भराभर तंतुमय होऊन बंद पडू लागली. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याची पहिली नोंद आली, पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली. २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पुढचा भाग छापून आला: यातल्या ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, त्यातल्या १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग झालेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे आम्ल माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे, म्हणजे शंकेला जागा नाही असा गट.

याच कुळातली युरोपातली ॲरिस्टोलोकिया क्लेमॅटायटिस तर आकारावरून औषध ठरवण्याचं जुनं उदाहरण आहे. फूल गर्भाशयासारखं दिसतं म्हणून ती शतकानुशतकं बाळंतपणात दिली गेली. इंग्रजीत तिचं नावच ‘बर्थवर्ट’. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण मूत्रपिंडाचा बिघाड महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो आणि कर्करोग त्याहून उशिरा. तोवर त्या मुळीचा आणि या आजाराचा संबंध लावणार कोण? ‘आजीच्या काळापासून घेतायत, काही झालं नाही’ हा पुरावा अशा विषापुढे टिकत नाही. आपल्याकडची सापसंद, म्हणजे ईश्वरी, याच ॲरिस्टोलोकिया वंशातली आहे आणि तिच्यातही हे आम्ल आहे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने तिच्यापासून लांबच राहावं.

इतकं सांगूनही कुणी म्हणेल की नावं तर शास्त्रज्ञांनीच दिली ना? दिली, पण कशासाठी ते पाहा. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त पानांचे आकार चित्रांसह मांडले, ते झाड समोर नसताना नुसत्या वर्णनावरून ओळखता यावं म्हणून. त्या वर्णनाचा क्रम ठरलेला असतो: पात्याची बाह्यरेषा, टोक, तळ, कडा, शिरा. कॉर्डेट म्हणजे देठाकडे खाच आणि दुसरीकडे टोक, पत्त्यांतल्या बदामासारखं. खऱ्या हृदयाशी त्याचं साम्य फार नाही. ते मुठीएवढं, तिरकं, शंकूसारखं असतं. खाच देठाऐवजी टोकाला असेल तर शब्दाच्या आधी ‘ऑब’ लागतो, आंबुटीच्या पर्णिका तशा ऑबकॉर्डेट. ‘ओव्हेट-कॉर्डेट’ असं जोडून लिहिलं की पान दोन्हींच्या मधलं. हे मोजमाप आहे, गुणधर्म नाही.

तेच शब्द दुसऱ्या शाखांत काय करतात तेही पाहू. खनिजशास्त्रात रेनिफॉर्म म्हणजे गोल फुगवटे आलेलं खनिज. हेमॅटाइट हे लोहखनिज तसं सापडतं आणि त्याला ‘किडनी ओअर’ म्हणतात. कीटकशास्त्रात पतंगांच्या पुढच्या पंखावरचा एक ठिपका रेनिफॉर्म असतो, मक्यावरच्या लष्करी अळीचा पतंग ओळखताना तो बघतात. कापसाच्या मुळांवरच्या एका सूत्रकृमीचं नावच रोटिलेंक्युलस रेनिफॉर्मिस, कारण त्याची मादी फुगून तशी दिसते. पुरातत्त्वात कॉर्डेट ही दगडी हातकुऱ्हाडीची जात आहे. यातलं कुणीही हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं औषध सुचवत नाही. एका शाखेत फक्त बाह्यरेषा सांगणारा शब्द झाडाच्या बाबतीतच अचानक वैद्यकीय सल्ला कसा होईल?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. काही वनस्पतींच्या शास्त्रीय नावात औषधाचा इतिहास खरोखर असतो. ‘ऑफिसिनॅलिस’ किंवा ‘ऑफिसिनेल’ हा शब्द आला की ती वनस्पती एके काळी औषधविक्यांच्या दुकानात ठेवली जायची असं समजावं. आलं म्हणजे झिंजिबर ऑफिसिनेल. पण तोही वापराचा दाखला आहे, गुण येईल याची हमी नाही. आणि मेसेजमध्ये हा शब्द कुठेच नाही.

गुळवेलीचं पान हृदयाकृती असतं, नावात कॉर्डिफोलिया आहे, इथवर खरं. तिचीच बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा, तिचंही पान तसंच. फरक खोडावर दिसतो: क्रिस्पाच्या खोडावर चामखिळींसारख्या गाठीच गाठी असतात. म्हणजे पानाच्या आकारावरून औषध ठरणं दूरच, झाडही धड ओळखता येत नाही. कोविडच्या काळात लोकांनी काढे करून करून गुळवेल प्यायली आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या नोंदीवर आक्षेप घेतला. वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, दुसरी सारखी दिसणारी प्रजाती असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद कुणाच्याही बाजूने सोडवा, कुंपणावरचा वेल पानं पाहून तोडून आणणाऱ्याला दोन्हीकडून धोकाच आहे. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली, भूक मेली, तर काढा त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी.

आणि हृदयावर खरोखर काम करणारी झाडं कशी दिसतात? डिगॉक्सिन हे औषध १९३० मध्ये डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीपासून वेगळं केलं गेलं. त्याचं पान अरुंद, लांबट. आपल्या महामार्गांच्या दुभाजकावर लावलेली कण्हेर, तिचंही पान भाल्याच्या पात्यासारखं, आणि तिच्यातली द्रव्यं हृदयाची लय बिघडवून माणूस मारू शकतात. डिगॉक्सिनची गोळी पाव मिलिग्रॅमची असते आणि तेवढ्यावरही डॉक्टर नाडी आणि रक्तातलं पोटॅशियम बघत राहतात, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नाही. मेसेजप्रमाणे पाहिलं तर कण्हेर ‘गाठी फोडणाऱ्या’ लॅन्सिओलेट गटात बसते. कुणी त्या भरवशावर तिचा काढा केला तर काय होईल, हा विचार मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात आलेला दिसत नाही. लॅन्सिओलेटचा चौथा मुद्दा इथेच संपला.

ओव्हेट आणि ओव्हरी यांचा संबंध एवढाच की दोन्ही शब्द अंड्यावरून आले. ओव्हेट पान म्हणजे देठाकडे रुंद, टोकाकडे निमुळतं, बस. जास्वंदीचं पान ओव्हेट आहे, आणि धोतऱ्याचंही. धोतऱ्याने तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, नाडी धावते. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावं लागतं. पाळीच्या तक्रारीवर कुणी ‘ओव्हेट पानं’ शोधत निघू नये.

आयुर्वेदाचं नाव यात ओढणं मला सगळ्यात जास्त खटकलं. आयुर्वेदात द्रव्याचं काम रस (चव), गुण, वीर्य (उष्ण की शीत), विपाक (पचनानंतरचा परिणाम) आणि प्रभाव (खास परिणाम) यांवरून सांगतात. गुडूची, म्हणजे गुळवेल, तिक्त-कषाय (कडू-तुरट) रसाची, उष्ण वीर्याची, मधुर विपाकाची. पानाचा आकार त्या हिशेबात येत नाही. हृदयासाठी ज्याचं नाव आधी घेतात त्या अर्जुनाची साल वापरतात, आणि त्याचं पान पेरूच्या पानासारखं लांबट असतं. उलट मंडूकपर्णी, जी बाजारात ब्राह्मी म्हणूनही विकली जाते, तिचं पान अगदी मूत्रपिंडाच्या आकाराचं. वापर मात्र स्मृती-बुद्धीसाठी. आकारावरून औषध हा विचार मेसेजमध्ये ज्या साच्यात आलाय तो युरोपातला आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने तो रुजवला, डेला पोर्टा या इटालियन विद्वानाने १५८८ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ काढला. तिथेही १५८३ मध्येच दोदोन्स या वनस्पतितज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं की हा सिद्धांत इतका अनिश्चित आहे की स्वीकारण्याजोगा नाही.

राहिला अक्रोड. अक्रोड खावा, चांगला आहे, त्यात १०० ग्रॅमला ९ ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल (एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल) असतं. जवसात ते २० ग्रॅमच्या वर असतं, आणि जवसाचा दाणा मेंदूसारखा दिसत नाही. भाजून, बारीक दळून, चटणी करून खाल्लं तर ते अंगी लागतं. अख्खा दाणा बराचसा तसाच बाहेर पडतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर अक्रोड आणि जवस दोन्हींचं प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, कारण दोन्हींत फॉस्फरस आणि पोटॅशियम आहे.