सहा महिन्यांत वर्क परमिट होत नाही, आणि एलएमआयए विकत घ्यायची वस्तू नाही

मोर्शी तालुक्यातल्या माझ्या ताईनं एक मेसेज पाठवून विचारलं, "खरं आहे का रे हे?" भाचा बी.एस्सी. ॲग्री करून घरी बसला आहे आणि त्याच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो आहे: 'कॅनडात कोणत्याही कॉलेजात ॲडमिशन घ्या. सहा महिन्यांत स्टडी परमिटचं वर्क परमिट होतं. तीन वर्षं पक्की. नाहीच जमलं तर एलएमआयए विकत मिळतो, मग पीआर आपोआप.' (एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवायला कॅनडा सरकारनं मालकाला दिलेली परवानगी, पीआर म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना.) मी "खोटं आहे" एवढंच लिहून पाठवलं होतं. नंतर कळलं की भाऊजींनी ओलिताच्या दोन एकरांसाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली आहे. म्हणून आता सविस्तर लिहितो.

सहा महिन्यांची गोष्ट निखालस खोटी आहे. स्टडी परमिट बदलून वर्क परमिट मिळत नाही. शिक्षण पूर्ण झाल्यावर पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्यासाठी कोर्स निदान ८ महिन्यांचा हवा, तो पूर्ण केलेला हवा आणि पूर्ण झाल्याचं पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत अर्ज हवा. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. सहा महिन्यांत कॉलेज सोडणाऱ्या पोरानं स्टडी परमिटची अटच मोडलेली असते.

'कोणतंही कॉलेज' हेही चुकीचं. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम परवान्यावर शिकवणारी खाजगी कॉलेजं आहेत. १५ मे २०२४ पासून तिथे शिक्षण सुरू करणाऱ्यांना हे परमिट मिळत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्या डिप्लोमावाल्यांचा विषय सरकारच्या यादीत असावा लागतो. शेतीचे विषय यादीत आहेत, साधा बिझनेस मॅनेजमेंट नाही. आणि आमच्या ॲग्री झालेल्या पोराला एजंट बिझनेस मॅनेजमेंटचाच डिप्लोमा गळ्यात मारतो आहे! पदवी किंवा मास्टर्स केलं तर विषयाची अट लागत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंचची परीक्षा मात्र सगळ्यांना आहे आणि त्यासाठी आयईएलटीएस दिली तर ती जनरल लागते. ॲडमिशनसाठी दिलेली ॲकॅडेमिक परीक्षा या कामाला चालत नाही.

तीन वर्षांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. दोन वर्षांचा पात्र कोर्स केला तर तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. १५ फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांपेक्षा छोट्या मास्टर्सलाही मिळतं. त्यासाठी भारतात परत यावं लागत नाही, हेही खरं. पण एक वर्षाच्या डिप्लोमाला साधारण वर्षभराचंच परमिट, आणि पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर तेवढंच.

आता एलएमआयए. भाऊजी फोनवर म्हणाले, "एजंट म्हन्ते, पैसे भरले का कागद येते." हे ऐकून मला झोप लागली नाही, कारण वावर जाणार ते याच कागदासाठी.

हा कागद कामगाराचा नसतोच, मालकाचा असतो. कॅनडातल्या मालकाला आधी जागेची जाहिरात द्यावी लागते आणि तिथला माणूस मिळत नाही हे सरकारला दाखवावं लागतं. मग सरकार परवानगी देतं. अर्जाची फी बहुतेक जागांना प्रत्येकी १,००० कॅनेडियन डॉलर. ती मालकानंच भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं बंदी आहे. कॅनडा सरकारच्या साइटवर हे उघड लिहिलेलं आहे, ज्याला शंका असेल त्यानं तिथे जाऊन वाचावं. म्हणजे एजंट जेव्हा लाखांचा आकडा सांगतो, तेव्हा तो फी सांगत नसतो, गुन्ह्यात भागीदारी मागत असतो. नोकरीच खोटी निघाली तर फसवणुकीच्या कलमाखाली पोराला कॅनडात पाच वर्षं प्रवेशबंदी. एजंट इथेच राहतो, त्याचं काही बिघडत नाही.

नोकरी खरी असली तरी एलएमआयएवर मिळणारं वर्क परमिट त्या एका मालकाशी बांधलेलं असतं. त्यानं पगार कापला, बारा तास राबवलं, तरी पोरगा तोंड उघडत नाही, कारण काम सुटलं की दुसऱ्या मालकाकडे जायला नवं परमिट लागतं. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त असलेल्या मोठ्या शहरांत कमी पगाराच्या बहुतेक जागांचे एलएमआयए अर्ज सरकार हातातच घेत नाही.

पीआर आपोआप कुणालाच मिळत नाही. एलएमआयए असला की एक्सप्रेस एंट्रीत (पीआरसाठी गुणांवर निवड करायच्या पद्धतीत) जास्तीचे गुण मिळायचे, ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. मेसेज त्या आधीच्या काळात अडकलेला आहे.

ज्यांच्या घरी हा विषय चालू आहे त्यांनी एजंटकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: कॉलेजचा डीएलआय नंबर (परदेशी विद्यार्थी घ्यायची मान्यता असलेल्या कॉलेजचा क्रमांक) आणि कोर्सचा सीआयपी कोड (विषयाचा क्रमांक). दोन्ही त्याच सरकारी साइटवर फुकट तपासता येतात, मोबाइलवरसुद्धा. द्यायला टाळाटाळ केली तर त्याला एक रुपयाही देऊ नका.