भुऱ्याचं पातेलं वेगळंच राहणार

आज सकाळी सकाळी डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, भुऱ्यावरून, म्हणजे आमच्या कुत्र्यावरून. लांब होणार आहे.

शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या, काल त्यांच्या शेतात भरीत पार्टी होती, तर उरलेलं भरीत आणि कळण्याच्या भाकरी. "भुऱ्याला घाला, तुम्ही त्याला घरचंच देता ना आता." मी म्हटलं काकू, भाकरी द्या, भरीत नको, त्यात कांद्याची पात आहे, लसूण आहे, त्याला ते चालत नाही. काकूंचं तोंड उतरलं. आणि फाटकातून जाताना, मला ऐकू येईल अशा बेताने, "बामणोदच्या वांग्याचं भरीत कुत्र्याला चालत नाही म्हणे, माज आलाय."

माज?

मागच्या थंडीत असोद्याकडे नणंदेच्या शेतात आम्ही पण गेलो होतो पार्टीला. पऱ्हाट्यांवर वांगी भाजणं चाललेलं, लाकडी बडजीत ठेचणं चाललेलं, मी पुऱ्या लाटत बसलेली, आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी भुऱ्यापुढे पत्रावळीतलं भरीत ओतत राहिलं. प्रेमानेच, वाईट हेतू कोणाचाच नव्हता. लगेच काही झालं नाही. मग दोनतीन दिवसांनी तो उठेना, जिना चढेना, हिरड्या बघितल्या तर पांढऱ्या पडलेल्या आणि लघवी काळपट लाल. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "कांदा-लसूण खाल्लाय का?" कांदा, पात, लसूण यातल्या घटकांनी कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि भाजलं काय, शिजवलं काय, ते जात नाही, असं त्यांनी तिथेच समजावलं. सलाईन लावलेल्या त्या पायावर हात ठेवून मी बसले होते आणि तो माझ्याकडे बघत होता. ते मी विसरणार नाही, मग कोणी माज म्हणो नाहीतर काही.

आणि राग कशाचा येतो सांगू, कुत्र्याला घरचं अन्न द्यायचं म्हटलं की लोकांना वाटतं आपल्या ताटातलं उरलंसुरलं त्याच्या भांड्यात लोटायचं. शेवभाजीची तर्री, फोडणीचं वरण, चिकनचा रस्सा हाडांसकट. अहो शिजलेलं हाड चावलं की त्याचे टोकदार तुकडे होतात, आतडी फाटते! तेल-मसाल्याने पोट बिघडतं ते वेगळंच. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, ते तर कुत्र्याच्या किडनीवर जातात. आपल्या खान्देशी स्वयंपाकात कांदा-लसणाशिवाय पान हलत नाही, आणि मला त्याचा अभिमानच आहे, पण तो स्वयंपाक आपला आहे, त्याचा नाही. त्याचं पातेलं वेगळं. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही.

आता तुम्ही म्हणाल मळ्यातली कुत्री सगळं खातात, त्यांना काही होत नाही. खातात, मान्य. पण मळ्यातलं कुत्रं झाडाखाली पडून राहिलं तर त्याच्या हिरड्या कोण उघडून बघतं हो? भुऱ्या त्या दिवशी शेतावरच राहिला असता तर "म्हातारा झाला होता" म्हणून विषय संपला असता.

पाकिटातलं खाणं वाईटच, असं मी म्हणत नाहीये. त्याला ते उन्हाळ्यात नकोसं झालं, जळगावचा मे महिना, पारा ४५ च्या वर, भांड्याकडे ढुंकून बघायचा नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच बदललं. आणि एका दिवसात नाही बदललं. आधी पाऊण भाग जुनं आणि पाव भाग नवं, मग निम्मं निम्मं, असं करत करत आठ-दहा दिवस घ्यायचे असतात, नाहीतर जुलाब ठरलेले. हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, भात किंवा ज्वारीच्या कण्या, दुधी, गाजर, कधी अंडं. कलेजी अगदी थोडी, कारण त्यातलं व्हिटॅमिन ए जास्त झालं तर तेही बाधतं. मांसात फॉस्फरस भरपूर असतं पण कॅल्शियम जवळपास नसतंच, म्हणून अंड्याच्या कवचाची बारीक पूड, तीही डॉक्टरांनी ठरवून दिली तेवढीच. मुकाट्याने एक गोष्ट कबूल करते, नुसतं प्रेमाने शिजवून भागत नाही. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठाने २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांमध्ये एखादा तरी गरजेचा घटक कमी निघाला. म्हणजे दूध-पोळी, भात-दही कुस्करून दिलं आणि आपण फार काळजी घेतली असं समजणाऱ्यांनी पण जरा थांबा.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण सासूबाई आत्ता ओट्यापाशी भुऱ्याच्या कण्या शिजवतायत. या बाई अमळनेरकडच्या, पहिल्यांदा वेगळं पातेलं बघितलं तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "कुत्रासाठे कोन सयपाक करस वं माय?" मी काही बोलले नव्हते. पण सलाईन संपवून भुऱ्याला घरी आणलं त्या रात्री त्याच्या शेजारी गोधडी टाकून झोपल्या त्याच होत्या. आता फोडणी टाकायच्या आधी त्याचं चिकन बाजूला काढतात, आणि घरी पाहुणे आले की आधी त्याला आतल्या खोलीत बांधतात, मला सांगावं लागत नाही. काकूंचा डबा पण त्यांनीच धुऊन परत नेऊन दिला, वर बसून समजावून पण आल्या म्हणे. त्या शहाण्या आहेत, माझ्याने ते झालं नसतं आज.

काकू, तुम्ही हे वाचणारच. तुमच्यावर राग नाही, तो शब्द लागला एवढंच. आणि माणसांना मिळत नाही वगैरे कोणी म्हणणार असेल तर त्यालाही सांगते, हो, नाही मिळत, वाईटच आहे ते, पण भुऱ्याने भरीत खाऊन आजारी पडल्याने कोणाच्या ताटात ते पडणार नाहीये.

बाकी इनबॉक्समध्ये पाककृती मागू नका. भुऱ्याचं माप तुमच्या कुत्र्याला चालेलच असं नाही, पिल्लांना कॅल्शियमचा हिशोब वेगळा, किडनीचा त्रास असेल तर आणखी वेगळा. त्याचं वजन करा, तो आत्ता काय काय खातो ते कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. ताटातलं काय काय जातं ते पण खरं खरं लिहा.