"शेवटच्या चिठ्ठीत माणूस खोटं बोलत नाही" म्हणे

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. वर पेटलेली मेणबत्ती, खाली "जगप्रसिद्ध लोकांचे शेवटचे शब्द", म्हणजे आत्महत्या केलेल्या लेखक-चित्रकार-गायकांच्या चिठ्ठ्यांतल्या दोन-दोन ओळी. आणि मग सार काढलंय की मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही, ह्या ओळींत आयुष्याचं खरं तत्त्वज्ञान आहे, हे लोक दुबळे नव्हते तर त्यांनी शांत डोक्याने निर्णय घेतला, प्रतिभेची किंमत अशीच मोजावी लागते, आणि शेवटी अर्थातच "शेअर करा". चौथ्या ग्रुपवर आला तेव्हा राहवलं नाही म्हणून हे लिहायला बसलो. त्या ओळी मात्र मी इथे परत देणार नाहीये, का ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट, "हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले शब्द आहेत". बरेचसे नाहीत हो. चित्रकार विन्सेंट व्हॅन गॉगची जी ओळ सगळीकडे फिरते, दुःख कायम राहणार वगैरे, ती त्याने कुठेच लिहिलेली नाही. तो गेल्यावर त्याच्या भावाने, थिओने, बहिणीला पत्र लिहिलं, त्यात विन्सेंट शेवटी असं म्हणाला म्हणून सांगितलंय, बस. विन्सेंटने थिओला पाठवलेलं शेवटचं पत्र २३ जुलै १८९० चं आहे आणि त्यात चक्क रंगांची ऑर्डर आहे! एक स्वतःसाठी, एक सोबतच्या चित्रकारासाठी. त्याच पत्राचा एक न पाठवलेला कच्चा खर्डा त्याच्याजवळ सापडला आणि लोकांनी त्यालाच सुसाइड नोट करून टाकलं. रॉक गायक कर्ट कोबेनची म्हणून जी ओळ टी-शर्टवर छापतात ती नील यंग ह्या दुसऱ्याच गायकाच्या १९७९ च्या गाण्यातली, कोबेनने ती फक्त उतरवून घेतली होती. लेखक हेमिंग्वेने तर काही लिहून ठेवलंच नव्हतं. आणि हे अपवाद नाहीत बरं का, जगभरात जे लोक असे जातात त्यातले बहुतेक जण चिठ्ठी ठेवतच नाहीत, साधारण चारातला किंवा तिनातला एक ठेवतो.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण मेसेजमध्ये लिहिलंय की तिने "महायुद्धाच्या भीषणतेला कंटाळून" जीव दिला आणि ही चूक आजची नाही, ८० वर्षांहून जुनी आहे. तिने लेनर्डला, म्हणजे नवऱ्याला लिहिलं होतं की तसल्या भयंकर दिवसांतून आपण पुन्हा जाऊ शकू असं मला वाटत नाही. "तसले दिवस" म्हणजे तिचे आजारपणाचे जुने झटके, आई गेल्यावरचा, १९०४ चा, १९१३ चा. पेपरात छापून आलं ते असं की "ह्या भयंकर काळात" मी पुढे जाऊ शकत नाही. एका शब्दाने आजारपणाचं युद्ध झालं! लगेच एका बिशपच्या बायकोने संडे टाइम्सला पत्र पाठवलं की आम्ही सगळे सोसतोच आहोत की, ह्याहून जास्त सोसणारे लोक आहेत आणि ते खंबीरपणे उभे आहेत. मग ज्याची बायको नुकतीच गेलीय त्या लेनर्डला पेपरला पत्र लिहून खुलासा करावा लागला की बाबांनो, ती असं म्हणालीच नव्हती, तिला आपला जुना आजार परत येतोय असं वाटत होतं. म्हणजे ज्यांनी ते वाक्य छापलं त्यांना ते नीट वाचताही आलं नाही आणि आपण त्यावर जीवनाचं सार काढायला बसलोय.

आता मुख्य मुद्दा, "मरताना माणूस खोटं बोलत नाही". खोटं बोलत नसेल, पण त्याला दिसतंय तेच मुळात खरं नसेल तर? त्याच पत्रात व्हर्जिनियाने लेनर्डला लिहिलंय की मी तुझं आयुष्य खराब करतेय, मी नसले की तुला तुझं काम करता येईल. हे तिला मनापासून वाटत होतं, शंकाच नाही, आणि ते साफ चुकीचं होतं. त्याच दिवसांत तिने संपादक जॉन लेमन ह्यांना कळवलं होतं की माझी नवी कादंबरी अगदीच फालतू आहे, छापू नका. ती कादंबरी, 'बिट्वीन द अ‍ॅक्ट्स', त्याच वर्षी जुलैमध्ये निघाली आणि आजही वाचली जाते, शिकवली जाते. म्हणजे एकाच आठवड्यात तिच्या मनाने दोन निकाल दिले, पुस्तक टाकाऊ आहे आणि मी ओझं आहे. पुस्तकाबद्दल ती चुकली हे आपण हसत हसत मान्य करतो, मग दुसऱ्या निकालाला "अंतिम सत्य" कसं म्हणायचं? नैराश्यात माणसाला आपण इतरांवर भार आहोत असं वाटतं, ते आजाराचं लक्षण आहे. तापात माणूस बरळतो तेव्हा आपण त्याचे शब्द फ्रेम करून भिंतीवर लावत नाही.

एडविन श्नाइडमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं ह्यात अख्खं आयुष्य गेलं. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) ऑफिसात त्याला अशा शेकडो चिठ्ठ्या सापडल्या आणि त्याला वाटलं की आता आत्महत्येचं गुपित हाती लागलं. पुढे त्याने आणि नॉर्मन फार्बरो ह्यांनी खऱ्या चिठ्ठ्या आणि साध्या लोकांकडून मुद्दाम लिहून घेतलेल्या खोट्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. खऱ्यांमध्ये काय होतं? अमक्याला हे द्या, तमक्याला कळवा, वस्तूंची नावं, सूचना. विचारबिचार, चिंतन वगैरे खोट्यांमध्येच जास्त. वीसेक वर्षांनी १९७३ मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की ह्या चिठ्ठ्यांमधून फारसं काही कळत नाही, कारण ज्या आकसलेल्या मनःस्थितीत माणूस हे करतो त्या मनःस्थितीत त्याला अर्थपूर्ण चिठ्ठी लिहिताच येत नाही, आणि लिहिता आली असती तर हे करावंच लागलं नसतं. आयुष्यभर चिठ्ठ्या वाचलेला माणूस असं म्हणतोय!

काय लिहिलंय त्यापेक्षा काय सुटलंय तेही बघा. ऑस्ट्रियन लेखक श्टेफान त्स्वाइगचं १९४२ चं ब्राझीलमधलं शेवटचं निवेदन फार सुंदर म्हणून फिरतं. त्यात देशाचे आभार आहेत, मित्रांना निरोप आहे, फक्त त्याच्यासोबत गेलेल्या त्याच्या तरुण बायकोचा, लोटेचा, एका अक्षराने उल्लेख नाही. मला तर ते निवेदन तेव्हापासून सुंदर वाटेनासंच झालं. आणि अभिनेता रॉबिन विल्यम्सने काहीच लिहून ठेवलं नव्हतं, पण शवविच्छेदनात लुई बॉडी डिमेन्शिया हा मेंदूचा आजार निघाला, जो त्याला जिवंतपणी कुणी सांगितला नव्हता. म्हणजे त्याने चिठ्ठी लिहिली असती तरी हे कारण त्यात आलं नसतं, कारण त्यालाच माहीत नव्हतं.

"गहन तत्त्वज्ञान" म्हणाल तर रशियन कवी मायकोव्स्कीची चिठ्ठी पूर्ण वाचा, मेसेजमध्ये त्यातल्या कवितेच्याच ओळी घेतल्यात. १२ एप्रिल १९३० ची तारीख आहे. त्यात लिहिलंय की टेबलात २००० रुबल आहेत ते टॅक्समध्ये भरा. एका टीकाकाराशी घोषणेच्या पाटीवरून भांडण झालं होतं, त्याला सांगा की पाटी काढायला नको होती, भांडण शेवटपर्यंत भांडायला हवं होतं. त्या कवितेच्या ओळीसुद्धा जुन्या अर्धवट कवितेतल्या, थोडा बदल करून घातलेल्या. आणि कंसात एक वाक्य आहे, की हा काही मार्ग नाही, इतरांना मी हे सुचवणार नाही. नेमकं तेच वाक्य मेसेज बनवणाऱ्याने गाळलं. चुकून गाळलं असेल असं मला वाटत नाही.

ह्याच्यावरून "शांत डोक्याने घेतलेला निर्णय" ह्या मुद्द्यावर येतो. अमेरिकन कवयित्री सिल्विया प्लाथची शेवटची कविता म्हणून एक कविता मेसेजमध्ये टाकलीय. पण ११ फेब्रुवारी १९६३ ला मागे जी चिठ्ठी राहिली त्यात कविता नव्हती, डॉक्टर हॉर्डरना बोलवा एवढंच होतं आणि फोन नंबर. हॉर्डर तिचे डॉक्टर, नुकतीच औषधं सुरू केली होती आणि तिला हॉस्पिटलमध्ये जागा मिळावी म्हणून खटपट करत होते. ज्याचा निर्णय पक्का आहे तो डॉक्टरचा नंबर लिहून ठेवतो का? मन शेवटपर्यंत दोन्हीकडे ओढत असतं, हे ह्या कामातली माणसं नेहमी सांगतात. रिचर्ड सायडन ह्यांनी १९७८ मध्ये एक अभ्यास छापला. जीव द्यायला निघालेल्या ज्या ५१५ लोकांना ऐनवेळी अडवलं गेलं त्यांचं पुढे काय झालं हे शोधलं, तर सुमारे ९४ टक्के एक तर जिवंत होते नाही तर नैसर्गिक कारणाने गेलेले. पक्का निर्णय असता तर दुसऱ्या दिवशी परत गेले असते ना. (हे वाचताना कुणाला स्वतःबद्दल काही वाटत असेल तर टेलि-मानसचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नंबर लावायला "तेवढं सिरीयस" असावंच लागतं असं काही नाही.)

प्रतिभेची किंमत वगैरे मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही. जगात दरवर्षी ७ लाखांहून जास्त लोक असे जातात, त्यात कवी किती असतील? आणि सगळं आजारावर ढकलूनही चालत नाही, हेही बोललं पाहिजे. रोहित वेमुलाच्या २०१६ च्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, पावणेदोन लाखांचा हिशेब आहे. तिथे "संवेदनशील मन होतं हो" म्हणून उसासा टाकणं म्हणजे त्या हिशेबाकडे आणि त्यामागच्या जातीच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणं आहे.

राहिलं "शेअर करा". रशियन कवी येसेनिन डिसेंबर १९२५ मध्ये गेला, त्याची निरोपाची कविता पेपरात आली आणि त्याच्या मागोमाग काही चाहत्यांनीही जीव दिला. तेव्हा मायकोव्स्कीनेच, हो ह्याच मायकोव्स्कीने, येसेनिनच्या त्या शेवटच्या ओळींचा परिणाम मोडून काढायचा म्हणून मुद्दाम एक कविता लिहिली आणि हा हेतू नंतर लेखात उघड सांगितला. सव्वाचार वर्षांनी तो स्वतः गेला, म्हणून त्याचं तेव्हाचं म्हणणं खोटं ठरत नाही, उलट ती मनःस्थिती केवढी ताकदवान असते तेच दिसतं. उलटं उदाहरण सिएटलचं. कोबेन गेल्यावर १९९४ मध्ये शोकसभेत त्याच्या बायकोच्या, कोर्टनी लव्हच्या, आवाजात त्याची चिठ्ठी ऐकवली गेली, पण ती मध्येमध्ये थांबून त्याच्यावर चिडत होती, रडत होती, हे खोटं आहे म्हणत होती. त्याच सभेत मदत कुठे मिळेल हेही सांगितलं गेलं. नंतरच्या दिवसांत तिथल्या हेल्पलाइनचे फोन वाढले, आत्महत्या वाढल्या नाहीत. म्हणजे तेच शब्द, पण मेणबत्ती लावून नाही, जिच्यावर ते कोसळले त्या बाईच्या रागासकट.

आणि एक राहिलंच. मायकोव्स्कीने चिठ्ठीत विनंती केली होती की कृपा करून कुचाळक्या करत बसू नका, मेलेल्याला त्याचा तिटकारा होता. वीस वर्षांनी पावेसे ह्या लेखकानेही इटलीत आपल्याच एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर जवळपास तेच लिहिलं, फार कुचाळक्या करू नका. दोघंही त्या मेसेजमध्ये आहेत, सातव्या आणि नवव्या नंबरवर.