पिशवी काढली म्हणून डोकं जन्मभर दुखत नाही

आमच्या वडगावातल्या बायकांच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: 'पिशवी काढलेल्या बाईचं डोकं जन्मभर दुखणारच. पाळीचं घाण रक्त बाहेर पडत नाही, ते डोक्यात चढतं. पाठीत दिलेली सुई मरेपर्यंत त्रास देते. रोज एक गोळी घ्यावी, काही होत नाही. पण हार्मोन घेतले की कॅन्सर ठरलेला.' खानापूरच्या माझ्या नणंदेला तोच मेसेज, निपाणीच्या मावशीलाही तोच. माझं पिशवीचं, म्हणजे गर्भाशय काढण्याचं, ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. डोकं माझंही दुखलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

घाण रक्ताचं आधी. पाळीचं रक्त अंगात साठून राहिलेलं नसतं. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला अस्तर तयार होतं आणि गळून पडतं, त्याचंच ते रक्त. पेरलंच नाही तिथं कापणी कसली?

सुईची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून ती पटते. कमरेत भूल दिल्यावर काहींचं डोकं दुखतं. पण ते पहिल्या चार-पाच दिवसांत सुरू होतं, उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं, आणि बहुतेकींचं दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर त्यावर इलाजही आहे. दोन वर्षांनी सुरू झालेलं दुखणं त्या सुईच्या माथी मारू नका.

मग दुखतं कशानं? पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असली, तर पाळी आपसूक जाताना काही वर्षांत जे हळूहळू घडतं ते एकदम घडतं. इस्ट्रोजेन हे अंडाशयात तयार होणारं हार्मोन झपकन खाली येतं, अंगातून गरम वाफा निघतात, झोप मोडते आणि आधीपासून अर्धशिशी असलेलीची अर्धशिशी बळावू शकते. अंडाशयं ठेवली असली, तर हार्मोनचा महिन्याचा फेरा चालूच राहतो, फक्त पाळी दिसत नाही. पूर्वी पाळीच्या तोंडावर दुखणारं डोकं त्याच सुमाराला दुखतं आणि आपल्याला कारण उमगत नाही. शिवाय पिशवी काढायची वेळ बऱ्याचदा अतिरक्तस्रावामुळेच येते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली राहिलं असेल तर त्यानंही डोकं धरतं. बीपी आणि चाळिशीनंतरचा चष्मा हेही तपासून घ्यायचं.

'रोज एक गोळी' हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. साधी दुखण्याची गोळी महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करायला लागले: दुखलं तर फुली, गोळी घेतली तर टिंब. पहिल्या महिन्यात टिंबं 22 भरली. बघून मीच हादरले. डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवल्या. पहिले दहा दिवस अगदी नको झाले, दुखणं वाढलंच. नंतर फुल्या विरळ झाल्या, आणि चौथ्या महिन्यात दिसलं की उरलेल्या फुल्या साधारण चार-चार आठवड्यांनी घोळक्यानं येतात. माझी अंडाशयं शाबूत आहेत, हे मला त्या फुल्यांनी सांगितलं.

आणखी एक. दवाखान्यात सिस्टर कन्नडमध्ये 'तलेनोवू एष्टु दिन आयतु?' (डोकं दुखायला किती दिवस झाले?) विचारते, तेव्हा आपण गांगरून 'लई दिवस झाले' म्हणतो आणि गोळी घेऊन परत येतो. कालनिर्णयची चार पानं पुढं ठेवा. फुल्या मोजायला कन्नडही लागत नाही, मराठीही.

गरम वाफांसारख्या त्रासावर हार्मोन देतात. त्यानं कॅन्सर होतो हे भय पसरलं ते 2002 मधल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासापासून. पण त्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला तो दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांत. पिशवी काढलेल्या बाईला बहुधा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, आणि त्याच संशोधनात तसं घेणाऱ्यांत हा कॅन्सर वाढला नाही. म्हणून ते सगळ्यांना चालतं असंही नाही. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गाठ किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, किंवा डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं झगझगीत नागमोडी रेघा येत असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अर्धशिशी असलेल्यांना गोळीपेक्षा कातडीवर लावायची पट्टी किंवा जेल सहसा बरं मानतात.

'दुखणारच' म्हणून अंगावर काढण्याचा धोका वेगळाच. क्षणात उठलेली असह्य कळ, ताप आणि ताठलेली मान, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, फिट येणं, एकाएकी दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जायचं.

परवा मी ग्रुपवर लिहिलं: कपाटावरची ऑपरेशनची फाईल काढा. डिस्चार्ज कार्डावर 'बीएसओ' ही इंग्रजी अक्षरं असली तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढलीत, नुसतं 'बीएस' असलं तर बहुधा नळ्याच. रात्रीपर्यंत तिघींनी कार्डाचे फोटो पाठवले. एकीच्या कार्डावर 'बीएसओ' होतं. वय 38, ऑपरेशनला पाच वर्षं झालेली. नवऱ्याला नाही, सासूला नाही, तिला स्वतःलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.