पाळी थांबली म्हणजे शरीर ‘तयार’ झालं? कोणी सांगितलं?

नाशिकच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘धावपटूंसाठी विज्ञानाने सिद्ध केलेली 5 सूत्रे’. कुठलं विज्ञान, कोणी सिद्ध केलं, याचा पत्ता नाही. एरवी मी तो डिलीट करून मोकळी झाले असते. पण तो माझ्या भाचीकडे पोचला. ती पाच हजार मीटर धावते, आणि मेसेज वाचून तिनं रात्रीचं जेवण सोडलं. आता गप्प बसवत नाही.

आधी चौथं सूत्र, कारण खरा घात तिथे आहे. ‘मुलींची पाळी थांबली की समजावे, शरीर पूर्ण तयार झाले. वजन आणखी उतरवा.’ सोबत आहार : सकाळी एक फळ, दुपारी एक भाकरी-भाजी, रात्री फक्त सूप.

जरा हिशेब मांडू. मुलगी 48 किलोची, त्यातली चरबी सोडली तर साधारण 40 किलो. दहा किलोमीटर धावली की अंदाजे 480 किलोकॅलरी खर्च. या आहारातून ओढूनताणून हजार मिळतील. उरल्या 520, म्हणजे किलोमागे 13. एवढ्यावर हृदय, हाडं, मेंदू, संप्रेरकं सगळं चालवायचं! क्रीडा-शरीरशास्त्राच्या संशोधक अ‍ॅन लाउक्स यांनी 2003 मध्ये निरोगी तरुणींवरच्या प्रयोगात दाखवलं की ही शिल्लक किलोमागे 30 च्या खाली गेली, तर पाचच दिवसांत पाळीचं चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडायला लागते. 30 ही काही लक्ष्मणरेषा नाही, कोणाचं आधी बिघडतं, कोणाचं नंतर. पण 13?

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं ऊर्जेच्या या तुटीला 2014 मध्ये ‘रेड-एस’ (RED-S) असं रीतसर नाव दिलं आणि 2023 मध्ये तज्ज्ञांचं निवेदन सुधारून पुन्हा काढलं. ऊर्जा सतत अपुरी पडली तर पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, आजारपणं वाढतात आणि कामगिरी घसरते. हो, घसरते. मुलग्यांनाही हे होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला की हंगाम गेलाच. शिवाय हाडांची पुंजी जमते ती याच वयात. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञ. ‘स्पर्धा झाल्यावर बघू’ हे चालणार नाही.

एक मान्य करते, नाइलाजानं. लांब पल्ल्याला हलकं शरीर फायद्याचं असतं. पण ते वर्षानुवर्षांच्या सरावानं घडतं. पंधरा दिवस सूप पिऊन उतरतं ते बरंचसं पाणी आणि स्नायू.

बाकीची सूत्रं भराभर. पहिलं, ‘दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं म्हणजे साठलेलं लॅक्टिक अ‍ॅसिड, लिंबूपाणी घ्या.’ रक्तातलं लॅक्टेट धावणं थांबल्यावर तासाभरात जागेवर येतं. दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेनं, खासकरून उतारावर. पांडवलेणीच्या पायऱ्या पळत उतरून बघा, दम लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लिंबूपाणी प्या खुशाल, छान लागतं.

दुसरं, प्लॅस्टिकचं जॅकेट घालून चरबी ‘वितळवणं’. घाम म्हणजे पाणी. एप्रिल-मेच्या उन्हात हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

तिसरं, ‘रोज जीव तोडून पळा, सावकाश धावणं म्हणजे वेळ वाया.’ क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंचा सराव तपासला तेव्हा दहातली आठेक सत्रं गप्पा मारता येतील अशा वेगाची निघाली. उरलेली मात्र खरोखर कठीण.

आणि पाचवं तर गंमतच : ‘नाशिक उंचावर असल्याने इथल्या धावपटूंचे रक्त वाढते.’ नाशिकची उंची जेमतेम 600 मीटर. उंचीवरच्या सरावाचा जो प्रयोग सगळे सांगतात, 1997 चा, त्यात खेळाडू 2500 मीटरवर चार आठवडे राहिले होते. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं, ते काय हवेनं दिलं? इथली पहाटेची गार हवा धावायला सुखाची आहे, एवढंच. बाकी फेऱ्या पायांनीच माराव्या लागतात, आणि त्या मारायला आधी पोटात काहीतरी लागतं.